शुभदाताईंची हरकत

शुभदाताईंची हरकत आहे. कशाला, हा प्रश्न नंतरचा.

नेदरलँड्समधल्या आमच्या बेस्ट नावाच्या गावात खेमेंटेनं, म्हणजे इथल्या नगरपालिकेनं, एखादं झाड तोडायचं ठरवलं किंवा सायकलींचा स्टँड दहा पावलं सरकवला, की शुभदाताई माझ्या दारात हजर. "रेवा, हरकत लिहिलीय. व्याकरण बघ." मी डच भाषांतराची कामं करते, एवढाच माझा गुन्हा.

शुभदाताई अठरा वर्षांपूर्वी नवऱ्याच्या, प्रमोदरावांच्या मागोमाग 'डिपेंडंट' म्हणून इथे आल्या. त्याआधी त्या अलिबागला भूमी अभिलेख कार्यालयात होत्या. नोकरी सुटली, कचेरीची भाषा सुटली नाही. गणपतीत माझ्या हातचा मोदक उचलून म्हणाल्या, "कळ्या नऊच आहेत. नोंद घ्यावी."

मागच्या वर्षी आम्ही दोघी झीलंडच्या किनाऱ्यावर सहज फिरायला गेलो. एका खेड्याबाहेर वाळूच्या टेकड्यांची लांब पट्टी होती. टेकड्यांमधल्या खळग्यांत बटाट्यांचे इवलेसे वाफे आणि कडेला जाळी वाळवायची जुनी लाकडी शेड. समुद्र खवळला की तिथले कोळी या बटाट्यांवर दिवस काढायचे. त्यांची मुलं आता म्हातारी झालीत, पण लागवड चालू आहे. सगळी जमीन एकाच कुटुंबाची आणि विकायला काढलेली. एका बिल्डरला तिथे सुट्टीतली घरं बांधायची होती. त्याच्याआधी तिथल्या खेमेंटेनंच ती विकत घ्यावी आणि किनारा सगळ्यांसाठी राखावा, असा प्रस्ताव फलकावर लावला होता. खाली लिहिलं होतं : यावर कोणीही मत मांडू शकतं.

'कोणीही' हा शब्द शुभदाताईंनी दोनदा वाचला. मी तेव्हाच गाडीकडे पळायला हवं होतं.

घरी येऊन त्यांनी अख्खा प्रस्ताव वाचून काढला.

"अहो, पण सरकार जमीन घेतंय ते चांगलंच आहे की! हरकत कसली?"

"कलम सहा. जमीन घेतल्यावर वाफे काढून गवत वाढू देणार. किनारा वाचवायचा आणि किनाऱ्यावरची माणसं पुसून टाकायची? वा!"

पुढचे सहा महिने माझे शनिवार त्या वाळूत गेले. दीड तास जायला, दीड तास यायला. शुभदाताई पावलांनी वाफे मोजायच्या आणि मी भणाणत्या वाऱ्यात नकाशाची टोकं धरून उभी. कोर नावाचे ऐंशीचे एक आजोबा कुठला वाफा कुणाच्या आज्याचा ते सांगायचे, ताई वहीत उतरवायच्या. ताईंचं डच तोडकंमोडकं, आजोबांचं पार गावरान. मला दोघांचंही धड कळायचं नाही, त्यांना मात्र एकमेकांचं सगळं कळायचं. माझ्या बुटांत वाळू, कानांत वाळू. नवरा म्हणाला, "तू नक्की कुठल्या खात्यात लागलीयेस?"

सुनावणीला प्रत्येकाला तीन मिनिटं होती. पक्षीप्रेमी बोलले, बिल्डरचे वकील बोलले. मग इरकल नेसलेल्या शुभदाताई उठल्या.

"मी बेस्टला राहते. माझा इथे एकही वाफा नाही," त्या डचमध्ये म्हणाल्या. "पक्ष्यांची यादी तुमच्याकडे आहे. ही माणसांची."

आणि त्यांनी एकतीस वाफे वाचले. लावणाऱ्याचं नाव, आज्याचं नाव, आज्याच्या बोटीचं नाव. कोर आजोबांनी टोपी काढून मांडीवर ठेवली. व्याकरणाच्या सात चुका झाल्या. मी मोजल्या, पण कोणी हसलं नाही.

महिन्याभरानं निर्णय झाला. खेमेंटेनं जमीन घेतली, कलम सहा वगळलं, शेडसुद्धा दुरुस्त करायची ठरली. त्या शनिवारी कोर आजोबांनी आम्हाला पिशवीभर बटाटे दिले आणि ताईंचा हात बराच वेळ हातात धरून ठेवला.

परतताना ताईंनी बटाट्यांची पिशवी मांडीवरच घेतली होती.

"झालं ना मनासारखं?" मी म्हटलं. "सुटलो बाई एकदाचे!"

"हो. आता सभा नाहीत."

"देवाची कृपा!"

त्या खिडकीबाहेर बघत राहिल्या. मग म्हणाल्या, "त्या तीन मिनिटांत मधे कोणी बोलत नाही गं. अध्यक्षबाई पेन खाली ठेवून ऐकतात. घरी मी तोंड उघडलं की प्रमोद म्हणतात, थोडक्यात सांग. आमचा नील डचमध्ये 'हो, कळलं' म्हणतो आणि खोलीत जातो."

मी गाडीतला रेडिओ बंद केला.

"इथल्या पहिल्या वर्षी मी रोज सुपरमार्केटमध्ये जायचे," त्या म्हणाल्या. "रोज एकच वस्तू घ्यायची. काउंटरवरची मुलगी पावती देताना 'फाइने दाख' म्हणायची ना, दिवस छान जावो, म्हणून. दिवसभरात तेवढंच कोणी माझ्याशी बोलायचं. मग एकदा काय झालं..."

ब्रेडा मागे पडलं, टिलबर्ग मागे पडलं. त्या बोलत होत्या, हातवारे करत होत्या, मधेच स्वतःशी हसत होत्या. अजून पहिल्या वर्षाचा हिवाळाही संपला नव्हता.

बेस्टचा फाटा आला. मी तो सोडून दिला आणि गाडी सरळ पुढे नेली.