नानांचं स्टूल

गणपतनाना सरकारी कचेरीत स्वतःचं स्टूल घेऊन यायचे. एस.टी.च्या टपावर बांधून आणायचे आणि माझ्या टेबलाजवळ मांडून कचेरी सुटेपर्यंत बसायचे.

आमच्या घरातला मी पहिला पदवीधर. वनखात्यात कारकून म्हणून लागलो तेव्हा दुष्काळाचं दुसरं वर्ष होतं. नानांच्या गावानं सोसायटी काढून लांबच्या तलावाचं पाणी पाइपलाइननं आणायचं ठरवलं होतं. मधला एक पट्टा वनखात्याचा, म्हणून आमचा ना-हरकत दाखला हवा होता. नाना सोसायटीचे चेअरमन.

"नाना, बाकावर बसा की."

"बाकावरच्याला उद्या या म्हणत्यात, भाऊसाहेब. माझ्या स्टुलावरनं मला कोण उठवतंय?"

आले की आधी फायलीची विचारपूस. "कशी हाय आज? हालली का जरा?" फाईल साहेबांकडे गेली की स्टूल साहेबांच्या दारात. "आजाऱ्याला सोबत लागती," हे त्यांचं ठरलेलं वाक्य. आम्ही हसायचो.

पट्ट्यातल्या बाभळी आमच्या माणसानं मोजायच्या, मगच दाखला, असं मी त्यांना एकदा समजावून सांगितलं. चार दिवसांनी नाना लई खुशीत आले. "मोजायचं काम मिटवलं बघा! साऱ्या गावानं मिळून बाभळी तोडल्या. आता लिवा, झाडं न्हाईत."

मी कपाळाला हात लावला. पंचनामा झाला, गुन्हा नोंदला गेला. तालुक्यातच सुटणारी फाईल आता वरच्या कार्यालयात, जिल्ह्याबाहेर जाणार होती. गुन्ह्यात पहिलं नाव नानांचं. त्यांना रोज ठाण्यात हजेरी लागली, तालुका सोडता येईना. गावातल्या आडात तर तळाचा गाळ दिसत होता.

"तिथं कोण बसंल तिच्याजवळ?" नानांनी विचारलं.

मी सवयीनं हसलो. ते हसले नाहीत.

"आमची मंडळी सोलापूरला दवाखान्यात होती. पाणी द्या म्हणली. खाली नळाला ही रांग! तांब्या भरून वर आलो, तर ती गेलेली. जवळ कुणीच नव्हतं." मग स्टुलाच्या पायाला चिकटलेली माती नखानं काढत बसले. "तवापासनं म्या कुणाला एकटं सोडत न्हाय."

दुसऱ्या दिवशी फाईल टपालात पडायची होती. मी साहेबांना विचारून ती स्वतः न्यायची ठरवली आणि आठ दिवसांची रजा टाकली. नाना हजेरी देऊन आले, तेव्हा फाईल माझ्या पिशवीत होती.

"नाना," मी म्हणालो, "तुमचं स्टूल द्या."