उठायचं तर आधी एक ग्लास

संत मार्टिनच्या सणाच्या जेवणाला यंदा टेबलप्रमुख म्हणून यागोदाची निवड झाली आणि तिथूनच माझे हाल सुरू झाले. आमच्या झागोर्येच्या डोंगराळ भागात त्या दिवशी द्राक्षमळ्यातल्या खोपीत लांबलचक टेबल लागतं, कागदी टोपीतला खोटा बिशप नव्या रसाचा बाप्तिस्मा करतो, मग त्याला वाईन म्हणायचं. जेवण संपेपर्यंत प्रमुखाच्या परवानगीशिवाय कुणी जागचं हलायचं नाही.

गेल्या वर्षी प्रमुख मी होतो. वेंडेलकाका सारखा बाहेर पळायचा, म्हणून मी दोन नियम ठोकून दिले. बाहेर जायचंय त्यानं आधी एक ग्लास रिकामा करायचा, आणि प्रमुखाचा शब्द एकदा गेला की फिरायचा नाही. टाळ्या पडल्या. मी स्वतःवर भलताच खूश झालो.

मी ब्लाझ, शाळेत जीवशास्त्र शिकवतो. यागोदा गावचं पोस्ट सांभाळते. बिचारी लवकर विधवा झाली. दोन वर्षं मी तिला लग्नाचं विचारायला जातोय आणि दर वेळी एक तिकीट विकत घेऊन परत येतोय. घरात तिकिटांचा ढीग साठलाय, पत्र एकही नाही. यंदा बिशप मी. आज विचारायचंच, असं मी अंगावरच्या पडद्याच्या झग्याची शपथ घेऊन ठरवलं होतं.

गेल्या वर्षीच्या वाईनच्या दुसऱ्याच ग्लासानंतर काकानं हात वर केला, दंडाचा ग्लास संपवला आणि धूम ठोकली. तो परतल्यावर मला शिकवायचा मोह आवरेना.

"काका, दोष तुमचा नाही. एरवी मेंदू मूत्रपिंडांना निरोप धाडतो, पाणी धरून ठेवा. दारू पोटात गेली की तो निरोप निघतच नाही. मग काय, त्यांना रान मोकळं!"

"म्हणजे टपाल बंद," यागोदा म्हणाली.

"अगदी बरोबर!" मी खुलून म्हणालो.

"मग मास्तर," काका म्हणाला, "जायच्या आधी ग्लास पाजता, म्हणजे पुन्हा जावंच लागणार की!"

सगळं टेबल हसलं. वर्षभरात हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. इतकी वर्षं पोरांना काय शिकवलं मी, कपाळ!

त्या फजितीवर पांघरूण घालायला मी यागोदासमोर जरा जास्तच प्यालो. तासाभरात माझंही टपाल बंद पडलं. मान खाली घालून परवानगी मागितली, दंडाचा ग्लास संपवला आणि उठलो, तोच अकॉर्डियन वाजू लागलं.

"बिशप कुठे निघाले? बाप्तिस्मा!" सगळे ओरडले.

मी पाय आवळून बाप्तिस्मा उरकला. इतका झटपट बाप्तिस्मा त्या खोपीनं पाहिला नसेल. लगेच दाराकडे वळलो.

"मास्तर, नवी परवानगी, नवा ग्लास," यागोदा म्हणाली.

"अहो, मगाचीच वापरतो ना!"

"प्रमुखाचा शब्द फिरत नाही. नियम कुणाचा?"

"माझा," मी म्हणालो आणि प्यालो.

मळ्याच्या खालच्या टोकाला लाकडी संडास आहे. झगा वर धरून मी तिथवर कसा पोचलो ते देवालाच माहीत. सुटकेचा श्वास सोडून बाहेर यायला दार उघडतो, तर समोर यागोदा! धापा टाकत, गाल लाल, माझ्यासाठी धावत आलेली. माझं काळीज भरून आलं. मी दारातच उभा राहिलो.

"यागोदा, दोन वर्षं झाली, मनात एक गोष्ट..."

"मास्तर, लवकर!"

"तुमचीही हीच घाई? मग माझ्याशी लग्न..."

"हो! करते! आता दारातून बाजूला व्हा!"

तिनं मला ढकललं आणि दार धाडकन लावलं. बिशपची टोपी फटीत चिरडली.

मग माझ्या टाळक्यात प्रकाश पडला. तीही माझ्याइतकीच प्यायली होती. असा होकार घेणं म्हणजे निव्वळ चोरी. ती स्कार्फ नीट करत बाहेर आली तेव्हा माझा चेहरा पडला होता.

"मगाचं विसरा," मी म्हणालो. "तुम्ही अडचणीत होतात."

"दोन वर्षं कोण अडचणीत होतं, ते काउंटरपलीकडून मला दिसत होतं." ती हसली. "प्रमुखाचा शब्द फिरत नाही, ब्लाझ. नियम कुणाचा?"

"माझा," मी म्हणालो.

हातात हात घालून आम्ही खोपीत शिरलो. प्रमुखाच्या खुर्चीत वेंडेलकाका बसला होता, समोर दोन काठोकाठ भरलेले ग्लास.

"बाई दंड न भरताच पळाल्या," तो म्हणाला. "आणि मास्तर, हात हातात दिसतोय, तेव्हा तुमचा आनंदाचा."

आम्ही दोघांनी खालच्या संडासाच्या दाराकडे एकदा पाहिलं आणि ग्लास उचलले.