जाड तारेची साक्ष

अख्ख्या दुआला शहरात माझ्याकडे आहे तशी बेस गिटार दुसऱ्या कुणाकडे नाही! हे लोक म्हणतात असं मी म्हणणार नाही. मीच म्हणतो, पण छातीठोकपणे म्हणतो. लाकूड बुबिंगाचं, आमच्याच जंगलातलं. ते जहाजातून युरोपात गेलं, तिथल्या एका म्हाताऱ्या कारागिरानं माझ्या एकेका बोटाचं माप मागवलं आणि चौदा महिने घासूनपुसून गिटार घडवली. पाच तारा. त्यातली सगळ्यात जाड तार छेडली की आवाज आधी पोटात शिरतो, मग कानाला कळतो!

गिटार घरात आली त्या दिवसापासून बायको धुसफुसत होती.

"एबोंग्वे, ही पलंगावर आणि मी चटईवर, हे किती दिवस चालणार?"

"अगं न्जोले, जमिनीला ओल असते. लाकूड फुगतं."

"आणि मी फुगले तर चालेल?"

मी ठरवलं, पहिलाच कार्यक्रम असा गाजवायचा की न्जोलेनं स्वतः गिटारला उशी द्यावी. आणि नेमका आमच्या बँडचा म्होरक्या मुकुरीदादाचा निरोप आला. वर डोंगरात, चांगजवळच्या एका गावात पापा त्साफाक नावाचे बडे व्यापारी वारले होते. दफनाआधी दुपारी अंगणात वाजवायचं होतं.

आम्ही पोचलो तेव्हा भरदुपारी धुकं उतरलं होतं. असलं दाट, की ढोलकऱ्याला स्वतःचा ढोल दिसेना. अंगणाच्या मधोमध मांडवाखाली शवपेटी. काळी, चकचकीत, पितळी कड्यांची. तिला टेकून चटईवर पापांची विधवा मेतांग्मोआजी, दगडी मूर्तीसारखी. विजेचा प्लग नेमका पेटीजवळच्याच खांबाला, म्हणून माझा कपाटाएवढा स्पीकर पेटीपासून हातभर अंतरावर ठेवला.

पहिलं गाणं संथ होतं. मी डोळे मिटले आणि जाड तार छेडली.

टर्रर्र!

पेटीतून आवाज आला.

मी डोळे उघडले. ढोलकऱ्याकडे पाहिलं; त्याचे हात हवेत होते. मी थांबलो, आवाज थांबला. पुन्हा तार छेडली. टर्रर्र! पितळी कड्या शहारल्यासारख्या थरथरत होत्या. माझ्या मानेवरचे केस उभे राहिले. पण दुसऱ्याच क्षणी उमगलं: हा आपल्याच तारेचा प्रताप! सूर इतका खोल, की ढिल्या कड्या वाजताहेत. अभिमानानं ऊर भरून आला हो! तो आनंद सांगायला मी तोंड उघडलं, तोवर अंगण चिडीचूप झालं होतं.

पापांचे धाकटे भाऊ फोमेनाकाका पेटीपाशी आले. खाली वाकून, थोरामोठ्यांशी बोलण्याआधी वाजवतात तशा टाळ्या वाजवून त्यांनी अदबीनं विचारलं, "दादा, तू आहेस का?"

"वाजव रे, थांबू नकोस," मुकुरीदादा कुजबुजला. त्यानं बहुतेक काही ऐकलंच नव्हतं. मी वाजवलं.

टर्रर्र!

"आहे म्हणाला!" काका किंचाळले. चार बायका खाली बसल्या, एक बेशुद्ध पडली.

"दादा," मी मुकुरीदादाच्या कानात म्हणालो, "ही गिटार वाजतेय. सांगून टाकू?"

"सांग की! मग त्या पेटीत दोघांना जागा करतील."

तेवढ्यात काकांनी पुढचा प्रश्न टाकला. "दादा, तुझा वारस कोण? थोरला केन्ने?"

मी हात आखडता घेतला होता, देवाशपथ! पण घामानं बोट घसरलं.

टर्रर्र!

केन्नेच्या बायकोनं आनंदानं अशी आरोळी ठोकली की धुकंसुद्धा जरा मागं सरकलं. धाकटा मुलगा डोन्फाक पुढे धावला. "नीट विचारा! बाबांना ऐकू कमी यायचं! बाबा, वारस मी ना? डोन्फाक?"

मी तारांवर दोन्ही पंजे दाबून धरले. श्वाससुद्धा रोखला. आणि माझ्या मागे ढोलकरी शिंकला! मी केवढ्यानं दचकलो म्हणून सांगू...

टर्रर्र!

झालं! दोन वारस! दोघा भावांनी एकमेकांच्या गचांड्या धरल्या. काका मधे पडले तर त्यांची टोपी गेली. "बापानं मला सांगितलं!" "तुला हो म्हणाला, मला ठणकावून हो म्हणाला!" आणि त्या गोंधळात कुणीतरी ओरडलं, "घराचं विचारा! रस्त्याकडेचं घर विकायचं का, ते विचारा!"

आता मात्र हद्द झाली. आपल्या एका बोटानं कुणाचं घर जायचं! सगळे पेटीकडे बघत असताना मी हळूच गिटारची वायर उपसली आणि पायाशी टाकली.

"ए पोरा," चटईवरून हाक आली. मेतांग्मोआजी. "पाणी दे जरा."

मी वाकून पेला दिला. तिनं माझं मनगट धरलं. हात बर्फासारखा गार.

"ती जाड तार तुझीच ना रे?"

मी चटकन मागं वळून पाहिलं, कुणी ऐकलं तर नाही?

"घाबरू नकोस. त्या घरात मी एक्केचाळीस वर्षं राहिले. आता पोरं विकणार म्हणतात आणि मला याओंदे शहरात लेकीच्या तिसऱ्या मजल्यावर टाकणार. मी विचारीन तेव्हा वाजव. एवढंच."

मी जागेवर परतलो. आजी गुडघ्यावर हात टेकून उठली, पेटीला खेटून उभी राहिली. लांब काळा झगा जमिनीवर लोळत होता. धुक्यात माणसांचे नुसते चेहरे तरंगत होते, बिनधडाचे.

"अहो," ती म्हणाली, "मी मरेपर्यंत त्याच घरात राहू ना?"

जे व्हायचं ते होवो, म्हणून मी जाड तार सपकन ओढली.

काहीच नाही. वायर पायाशी पडली होती! मी खाली वाकलो, वायरचं टोक काही भोकात जाईना. आणि तेव्हा पेटीतून आवाज आला.

ठक्.

ठक्.

मग जरा थांबून, सावकाश, आतून कुणी दार वाजवावं तसा... ठक्.

ही माझी टर्रर्र नव्हती. माझी गिटार मुकी होती. मी मटकन स्पीकरला टेकून खाली बसलो. केन्ने आणि डोन्फाक एकमेकांना सोडून जमिनीवर कोसळले. "बाबा, नाही विकत! नाही विकत!" काकांनी चिखलातली टोपी उचलून छातीशी धरली. त्यानंतर कुणी एक प्रश्न विचारला नाही. भराभरा दफन उरकलं.

संध्याकाळच्या आत आजीनं स्वतः आमच्यासाठी अचू आणला, कुटलेल्या अळकुड्यांचा गोळा आणि वर पिवळा रस्सा. मला म्हणाली, "छान वाजवलंस हं, लेकरा."

"आजी, मी वाजवलंच नाही. वायर काढलेली होती."

"ठाऊक आहे मला! तुझी बोटं हलली, आवाज नाही. म्हटलं, या भित्र्याच्या भरवशावर राहिले तर याओंदेच! दिली झग्याआडून टाच. दोनदा."

मी एवढा मोठ्यानं हसलो की घास उडाला.

"तीनदा," मुकुरीदादा म्हणाला. तो हसत नव्हता.

"दोनदा रे. गुडघा धरला माझा. तिसरी कुठून मारणार?"

आजीनं ताज्या मातीच्या ढिगाकडे पाहिलं. मग झग्याची घडी सारखी करत म्हणाली, "एक्केचाळीस वर्षं माझ्या बोलण्यावर शेवटचा शब्द त्यांचाच असायचा."

परतीच्या वाटेवर गिटार गाडीच्या मागच्या टोकाला होती आणि मी चालकाच्या जवळजवळ मांडीवर. हल्ली मी जाड तारेला हात लावत नाही. सगळं उरलेल्या चार तारांवर भागवतो. जाणकार म्हणतात, एबोंग्वेची शैली आता प्रगल्भ झाली, संयमी झाली. मीही मान डोलावतो. तुम्ही उगाच कुणाला काही सांगू नका!