उतारा आणि चपला

एका जंगलात, बाळांनो, सगळं मिळायचं. फक्त सापडायचं नाही.

म्हणजे झालं असं, की धोंडोशेठ नावाच्या एका तरसाने तिथे मोबाइलवर चालणारं दुकान काढलं होतं. वस्तूचं नाव टाकायचं, समोर जे येईल त्यावर बोट ठेवायचं, की माकडं माल घरपोच आणून देत. पण सशाने 'मुळा' टाकलं, की समोर मूळव्याधीचं मलम यायचं. हत्तीने 'ऊस' शोधला, तर उसण भरल्यावर लावायचा लेप.

फारच बोंबाबोंब झाली, तेव्हा शेठने सोनूबाई नावाच्या साळिंदराला नोकरीवर ठेवलं. काम सोपं होतं. ज्याने जे शोधलं, ते त्याला अगदी वर दिसलं पाहिजे.

सोनूबाईला आपल्या कामाची आवड होती. ही खोड लहानपणीच मोडलेली बरी. तिने दुकानाला शिकवलं, की रताळं आणि रताळी एकच. अस्वलाचा पंजा जाड असतो, त्याने 'मढ' लिहिलं तरी त्याला मधच हवा असतो. आणि मुळा मागणाऱ्याला भूक लागलेली असते, दुसरं काही झालेलं नसतं.

जंगल खूश झालं. प्राणी यायचे, हवं ते घ्यायचे आणि निघून जायचे.

धोंडोशेठने तिला बोलावलं.

"सोनूबाई, हे काय चालवलंय?"

"का शेठ? सगळ्यांना हवं ते सापडतंय की!"

"तेच तर! सापडलं की ते थांबतील कशाला? पूर्वी ससा मुळा शोधता शोधता दोन छत्र्या आणि एक झोपाळा घेऊन जायचा. आता नुसता मुळा नेतो, मेला!"

शेजारी वाघमहाराजांचे मेहुणे बसले होते. ते बिबटे होते आणि त्यांचा चपलांचा कारखाना होता. चपला कुणाच्या कातड्याच्या, हे विचारायची त्या जंगलात पद्धत नव्हती.

"आमच्या चपला जरा वर दिसू देत," मेहुणे जांभई देत म्हणाले. जांभईत सगळे दात दिसले.

"कुठला शब्द टाकल्यावर?" सोनूबाईने विचारलं.

"कुठलाही."

सोनूबाईने राजीनामा द्यायचं ठरवलं. मग तिला दुकानाने दिलेलं बीळ आठवलं. त्यात पाणी शिरत नव्हतं आणि दाराशीच कंदांची बाग होती. तिने राजीनामा पुढे ढकलला आणि चपला वर चढवल्या.

तिने ते कामही मन लावून केलं. हेच तर वाईट झालं.

एके दुपारी हौसाक्का भेकर तिच्या बिळाशी धावत आली. तिला धाप लागली होती.

"सोनूबाई, पाडसानं धोतऱ्याची फळं खाल्ली गं! डोळे फिरवतंय. वैद्य म्हणतात, विषावरचा उतारा फक्त तुमच्या दुकानात आहे. मी केव्हाची 'उतारा' शोधतेय, आणि हे बघ काय येतंय!"

सोनूबाईने पाहिलं. उतारावर न घसरणाऱ्या चपला. डोंगरउतारासाठी खास चपला. उतारवयातल्या चपला. पुढच्या पानावरही चपलाच होत्या.

एकेक शब्द तिने स्वतःच जुळवला होता. तिच्या अंगावरचे सगळे काटे उभे राहिले.

"अक्का, तू पाडसापाशी जा. मी आलेच."

ती थेट गोदामात शिरली. छत्र्यांचे ढीग पाडत, झोपाळ्यांखालून सरपटत ती कोपऱ्यातल्या फळीपाशी पोचली. उतारा तिथेच होता, धूळ खात. ती कुणालाही न विचारता तो घेऊन पळाली. पाडस वाचलं. संध्याकाळी ते उठून आईला लुचू लागलं, तेव्हा हौसाक्का रडली. सोनूबाईही रडली, पण ती वेगळ्या कारणाने.

दुसऱ्या दिवशी ती शेठपुढे उभी राहिली.

"शेठ, काल एक जीव गेला असता. मी सगळं पूर्वीसारखं करणार. पाहिजे तर काढून टाका मला."

शेठ गंभीर झाले. तरस गंभीर झालं की समजावं, त्याला काहीतरी सुचतंय.

"तू स्वतः जाऊन शोधून दिलंस?"

"हो."

"फुकट?"

त्याच आठवड्यात 'जिव्हाळा' योजना सुरू झाली. जो जास्तीचे पैसे भरेल, त्याने जे शोधलं तेच त्याला दिसेल. बाकीच्यांना चपला. जंगलात शेठच्या दूरदृष्टीची वाहवा झाली. हौसाक्काने सगळ्यात आधी नाव नोंदवलं आणि पाणावल्या डोळ्यांनी शेठचे आभार मानले.

सोनूबाई योजनेची प्रमुख झाली. तिचा सत्कार झाला. भाषणात काय बोलावं हे तिला सुचेना, म्हणून ती काहीच बोलली नाही. सगळे म्हणाले, किती विनम्र! हार मात्र ताज्या झेंडूचा होता. तो तिने घरी नेऊन खाल्ला.

तात्पर्य : बाळांनो, दुसऱ्याला हवी ती वस्तू चटकन शोधून देऊ नये. आधी ती नीट लपवावी. मग शोधून दिली, की त्याला उपकार म्हणतात.