सदतीस पूर्णांक सात सात सात आठ

सरांच्या सासूबाईंना सकाळी कणकण वाटू लागली, आणि घरातला थर्मामीटर नेमका आदल्याच आठवड्यात फुटलेला. सरांच्या बायकोने आईच्या कपाळाला हात लावला.

"शंभरेक असेल. अहो, धाकट्याला तुम्हीच कळवा. मी कळवलं तर म्हणेल, बोलवायचे बहाणे करतेय."

धाकटा म्हणजे सरांचा मेहुणा. वडिलांची सायकल आईने त्याला न विचारता भंगारात दिली, त्यावरून मायलेकांनी तोंडं फिरवली ती फिरवलीच. तो परदेशी, विमानाने तीन तासांवर, जाऊन राहिला आणि बहिणीच्या फोनलाही 'हं, हं' करून उत्तरं देऊ लागला.

सर शाळेत भौतिकशास्त्र शिकवत. सार्थक अंक, म्हणजे मोजमापात खात्रीने सांगता येतील तेवढेच आकडे, हा त्यांचा जीव की प्राण. साध्या पट्टीने मोजलेल्या लांबीवरून काढलेलं उत्तर एखाद्या पोराने कॅल्क्युलेटरवर आलं तसं शेपटासकट उतरवलं, की सर लाल शाईने लिहीत, 'इतकं बारीक कोणत्या डोळ्यांनी पाहिलंस?' पण त्या दिवशी एका पायात बूट होता आणि बस सुटायच्या बेतात होती. मेहुण्याकडे सेल्सिअस चालतं म्हणून त्यांनी घाईघाईने शंभराचं रूपांतर केलं आणि आलं ते पाठवून दिलं: 'आईंना ताप आहे. ३७.७७७८.' मग फोन बंद करून ते वर्गावर गेले.

मेहुण्याने निरोप वाचला. ताप किरकोळ होता. पण दशांशचिन्हापुढचे चार आकडे त्याने पुन्हा पुन्हा मोजले. एवढं बारीक मोजतायत म्हणजे आईला कसली कसली यंत्रं लावली असणार! भावोजींचा फोन बंद. ताईचा लागेना. त्याने मावशीला फोन लावला.

"चार आकडे?" मावशीचा आवाजच बसला. "अरे, तुझ्या काकांच्या शेवटच्या आजारातसुद्धा डॉक्टरांनी एकच दिला होता!"

बाकीचं काम मावशीने केलं. सर दुपारी नवा थर्मामीटर घेऊन घरी आले, तेव्हा दारात रुग्णवाहिका उभी होती. जिन्यात ऑक्सिजनचं नळकांडं चढवणारी दोन माणसं घाम पुसत होती. सर धावत वर गेले. आत मावशी पदर डोळ्यांना लावून बसली होती आणि सासूबाई गुडघे पोटाशी घेऊन पलंगावर दुधात पाव बुडवून खात होत्या.

"जावईबापू," त्या शांतपणे म्हणाल्या, "मला काय झालंय ते मला तरी सांगा."

सरांनी सगळा उलगडा केला. बायको कपाळाला हात लावून खाली बसली. "मी 'शंभरेक' म्हटलं होतं हो! त्या 'एक'मध्ये किती मावतं तुम्हाला कळत नाही?"

सरांना कळत होतं. उभा जन्म त्यांनी तेच शिकवलं होतं. ते खाली गेले, नळकांडं परत पाठवलं आणि रुग्णवाहिकेच्या चालकाची हात जोडून माफी मागितली. मेहुण्याला मात्र थांबवता आलं नाही. तो विमानात बसला होता.

संध्याकाळी तो आला. दारातच उभा राहिला, खांद्यावर बॅग तशीच.

"आलास?" सासूबाई म्हणाल्या.

"हो." तो बॅगेचा पट्टा सावरत राहिला. शेवटी तो सरांकडे वळला. "भावोजी, ताईने खाली सांगितलं सगळं. तरी एकदा नीट बघा. नसेल ताप, तर मी रात्रीच्या विमानाने निघतो."

सरांनी थर्मामीटर लावला. थर्मामीटर वाजला तसा त्यांनी तो चष्म्याजवळ नेला. छत्तीस पूर्णांक आठ. ताप औषधालाही नव्हता. त्यांनी वर पाहिलं. सासूबाईंचं लक्ष थर्मामीटरकडे नव्हतंच. त्या मुलाच्या खांद्यावरच्या बॅगेकडे बघत होत्या.

सरांनी घसा खाकरला. "आहे."

"किती?"

"थोडा."

"थोडा म्हणजे किती, भावोजी?"

"थोडा म्हणजे थोडा!" सर वर्गातल्यासारखे कडाडले आणि थर्मामीटर बंद करून खिशात टाकला. "असा ताप चार-पाच दिवस रेंगाळतो. अंदाजे."

मेहुण्याने बॅग खाली ठेवली. सासूबाई भिंतीकडे जरा सरकल्या आणि पलंगावर जागा झाली.