अकरा बदलांची येझदी

सकाळी सव्वाआठला लखनौच्या इंदिरा नगरातल्या त्या गल्लीत निगमसाहेबांची स्कूटर येऊन थांबली, की श्रीरंग बोकिलांचा घास ताटातच राहायचा. निगमसाहेब त्यांच्या शाखेचे मॅनेजर. पलीकडच्याच गल्लीत राहायचे, आणि माणूस इतका भला, की बोकिलांना रोज मागे बसवून बँकेत न्यायचे आणि रोज परत आणून सोडायचे. बँक दहाला उघडायची. साहेब पावणेनऊला पोचायचे. बाकीचे लोक साडेपाचला घरी जायचे. बोकील साडेसातला, साहेबांची शेवटची सही झाल्यावर. आणि जाता-येता विषय एकच : शाखेच्या ठेवी वाढवायच्या कशा.

म्हणून बोकिलांनी मोटरसायकल घेतली.

छावणीतले सुभेदार हणमंत जगदाळे रिटायर होऊन साताऱ्याला निघाले होते. त्यांची ऐंशी सालची येझदी होती. "पाव्हणं, गाडी न्हाय, घोडं हाय घोडं," सुभेदार म्हणाले. परमुलखात मराठी कानावर पडली की बोकील विरघळतात. त्यांनी गाडीला एक प्रदक्षिणा घातली आणि हो म्हणून टाकलं. सुभेदारांनी ती स्वतःच्या सोयीने घडवली होती. हँडल बैलाच्या शिंगांसारखं वर गेलेलं, काळी टाकी पोपटी झालेली, मागे रेशनसाठी दोन पत्र्याच्या पेट्या, चार आरसे, आणि दाबला की तान्हं मूल रडावं तसा आवाज करणारा भोंगा.

अडचण एवढीच होती, की पंच्याण्णव साल उजाडलं होतं. गाडीला पंधरा वर्षं झाली होती. तपासणीत पास होऊन पुन्हा नोंदणी होईपर्यंत ती अंगणात उभी राहणार आणि बोकील स्कूटरवर मागे बसणार, हे ठरलेलं.

फॉर्ममध्ये शेवटचा रकाना होता, ‘वाहन में किया गया परिवर्तन, यदि कोई हो’. तिथे आजवर सगळ्या लखनौने एक आडवी रेघ मारली होती. पण बोकिलांची बँकेत एकोणीस वर्षं झाली होती, आणि रिकामा रकाना म्हणजे उद्याची चौकशी, एवढं शिक्षण त्यांना तिथे मिळालं होतं. रकाना पुरेना म्हणून त्यांनी वेगळा कागद जोडला. वर लिहिलं ‘परिशिष्ट अ’, आणि खाली अकरा बदल अनुक्रमे. हँडलची उंची त्यांनी मनीषाच्या शिवणाच्या टेपने मोजून घेतली.

"अहो, कुणी विचारलंय का हे सगळं?" टेपचं दुसरं टोक धरून मनीषा म्हणाली.

"विचारायच्या आत सांगितलेलं बरं असतं."

"पापा, इतना कौन लिखता है यार," कॉलेजला निघालेली ऋचा म्हणाली आणि निघूनही गेली.

तपासणीच्या मैदानावर इन्स्पेक्टर गजेंद्र सिंह लिंबाखाली खुर्ची टाकून बसले होते. त्यांनी परिशिष्ट दोनदा वाचलं. मग चष्मा काढून बोकिलांकडे पाहिलं.

"ये आपने खुद लिखा है?"

"जी."

"किसी के दबाव में तो नहीं?"

"जी नहीं."

"बोकिल साहब, आप न लिखते तो शायद मैं न देखता. अब लिख दिया है, तो दिख रहा है." त्यांनी आवाज खाली आणला. "ये कागज वापस ले जाइए."

पण बोकिलांनी आधीच खिडकीवर जाऊन त्यावर आवक क्रमांक घालून घेतला होता आणि आपल्या कार्बन प्रतीवर शिक्काही. सरकारजमा झालेला कागद परत घेता येत नाही, हे बोकिलांनीच इन्स्पेक्टरांना समजावून सांगितलं. गजेंद्र सिंहांनी सुस्कारा सोडला आणि गाडी नोंदणीच्या पुस्तकाप्रमाणे मूळ रूपात करून आणायला फर्मावलं.

निशातगंजच्या गॅरेजवाल्या अच्छन मियाँनी हे काम चार दिवसांत केलं. टाकी काळी झाली, शिंगं उतरली, पेट्या गेल्या. "हुजूर, अब तो कंपनीवाले भी धोखा खा जाएँ," ते म्हणाले. बोकील पुन्हा लिंबाखाली हजर झाले.

गजेंद्र सिंहांनी पुस्तक पाहिलं, गाडी पाहिली, खूश झाले. मग फाइल उघडली आणि परत गंभीर झाले.

"मगर इस फाइल की गाड़ी तो हरी है."

"तीच गाडी है साहब. आप ही ने बोला था बदलने को."

"जबानी बोला था. लिखा हुआ ये है." त्यांनी परिशिष्टावर बोट ठेवलं.

"इंजन का नंबर देखिए ना."

"नंबर वही है. सूरत वही नहीं है." इन्स्पेक्टर खुर्चीत पुढे झुकले. "आपके बैंक में कोई आए, खाता नंबर सही हो और दस्तखत दूसरे, आप भुगतान कर देंगे?"

बोकिलांनी प्रामाणिकपणे विचार केला. "नहीं," ते म्हणाले. आणि आपण आत्ता कुणाच्या बाजूने बोललो, हे त्यांना संध्याकाळी साहेबांच्या स्कूटरवर मागे बसून घरी जाताना कळलं.

तोड मात्र इन्स्पेक्टरांनीच सांगून ठेवली होती. दुसरा अर्ज द्यायचा : परिशिष्टातले अकरा बदल काढून टाकले आहेत. आणि काढलेली अकराही वस्तू समक्ष आणून दाखवायच्या, म्हणजे त्या याच गाडीच्या होत्या आणि आता नाहीत, हे सिद्ध होईल. काय दाखवून काय नसल्याचं सिद्ध करायचंय, हे बोकील मनातल्या मनात म्हणून बघत अच्छन मियाँकडे गेले.

हँडल होतं, पेट्या होत्या, आरसे होते. पोपटी रंगाचा खरवडलेला पापुद्राही मियाँनी वर्तमानपत्रात जपून ठेवला होता. दहा वस्तू भरल्या. भोंगा नव्हता.

"वो तो कल ही बिक गया हुजूर. एक साहब ले गए, आप ही की तरफ रहते हैं. निहायत शरीफ आदमी. कहने लगे, हमारे हॉर्न से कोई हटता ही नहीं."

दुसऱ्या दिवशी सव्वाआठला बोकील बुटाची नाडी बांधत होते, तेव्हा दाराशी तान्हं मूल रडलं.

मनीषा खिडकीतून वाकली. "अहो, निगमसाहेब आलेत. पण हे पोर कुणाचं?"

"आपलंच," बोकील म्हणाले आणि नाडी तशीच सोडून बाहेर धावले.

निगमसाहेबांनी सगळी हकीकत ऐकून घेतली. भोंगा काढून द्यायला त्यांची ना नव्हती, पण तो मियाँनी वायरींत असा गुंतवला होता, की काढला तर दिवाही जायचा. "अरे, तो मैं स्कूटर समेत चलता हूँ. दस मिनट का काम है. बैंक मेरी, देर भी मेरी." भला माणूस तो भलाच.

मैदानावर बोकिलांनी चादर अंथरून दहा वस्तू अनुक्रमे मांडल्या, खाली चिठ्ठ्या लावून. चादरीच्या टोकाला निगमसाहेबांची स्कूटर उभी केली. गजेंद्र सिंह परिशिष्ट हातात घेऊन एकेकीवर खूण करत आले. अकराव्या नंबरला त्यांनी बटण दाबलं. लिंबावरचे कावळे उडाले.

"हाजिर," त्यांनी खूण केली. "बोकिल साहब, आपकी गाड़ी पास."

बोकिलांचा कानांवर विश्वास बसेना. त्यांनी विचारलं, "लेकिन क्यों?"

इन्स्पेक्टर स्कूटरपाशीच उभे होते. "लेकिन जो चीज उस गाड़ी से हटी है, वो अब इस गाड़ी पर लगी है. ये तो मेरी फाइल में आ गया." ते अदबीने निगमसाहेबांकडे वळले. "जनाब, इसकी किताब दिखाएँगे?"

निगमसाहेबांनी डिकीतून पुस्तक काढून दिलं. मोठ्या ठेवीदाराला पासबुक द्यावं तसं, दोन्ही हातांनी. स्कूटर अठ्ठ्याहत्तर सालची निघाली. तिची पंधरा वर्षं दोन वर्षांपूर्वीच संपली होती आणि साहेबांनी ते पान कधी उघडलंच नव्हतं. शाखेच्या व्यापात राहून गेलं.

पुन्हा नोंदणी होईपर्यंत स्कूटर लिंबाखालीच जमा झाली.

संध्याकाळी मनीषाने दार उघडलं, तर अंगणात येझदी उभी होती, काळीभोर, कायद्याने निर्दोष. बोकील पायरीवर बसून होते.

"पास झाली ना?"

"झाली."

"मग तोंड का असं? आता निघा की साडेनऊला निवांत."

"आठला निघायचंय. पलीकडच्या गल्लीत साहेबांना घ्यायला. त्यांनीच सुचवलं. म्हणाले, सीट चांगली लांब आहे."

मनीषा त्यांच्या शेजारी येऊन बसली.

"जाऊ दे," ती म्हणाली. "निदान चालवणार तर तुम्ही. तेवढा तरी फरक पडला."

"पडला ना," बोकील म्हणाले. "आधी ते पुढे बसायचे. रस्त्याकडे बघून बोलायचे, निम्म्या ठेवी वाऱ्यावर जायच्या. आज येताना मागे बसून थेट कानात बोलले."