साल्सा करणे इष्ट किंवा कसे

शनिवारी सकाळी कोथरूडच्या आगाशे कुटुंबापुढे एक धोरणात्मक प्रश्न उभा राहिला. संध्याकाळी सलिलच्या ऑफिसातली मंडळी जेवायला यायची होती आणि मक्याच्या चिप्सबरोबर साल्सा लागणार होता. तो घरी ताजा करावा, की बाटलीतला आणावा?

श्यामलाबाईंनी पेपरातून मान वर केली. "साल्सा म्हणजे काय गं?"

"टोमॅटो, कांदा, मिरची, कोथिंबीर, वरून लिंबू," सूनबाई अस्मिता म्हणाली. "सगळं बारीक चिरून."

"म्हणजे कूट न घातलेली कोशिंबीर. दहा मिनिटांचं काम. विळी घेते."

इथेच घोटाळा झाला. ती विळी त्याच दुपारी भंगारात जायची होती. लग्नानंतरच्या पहिल्या दिवाळीत श्यामलाबाईंनी ती बोहरी आळीतून आणली होती. "वहिनी, ही तुमच्यापेक्षा जास्त टिकेल," असं दुकानदार म्हणाला होता, आणि तेव्हा पुण्यात अशा बोलण्याला कोणी रागावत नसे.

"आई, तिला आता कामच काय उरलंय?" अस्मिता म्हणाली. "साल्सा घरी करणं परवडतं असं ठरलं, तर राहू दे. पण ठरवायचं कोणी?"

आरामखुर्चीतले यज्ञेश्वरराव ताडकन उठले. सरकारी कचेरीतून निवृत्त होऊन त्यांना अठरा वर्षं झाली होती आणि या अठरा वर्षांत एकही फाइल त्यांच्याकडे फिरकली नव्हती.

साडेनऊला समिती स्थापन झाली. अध्यक्ष यज्ञेश्वरराव, सचिव अस्मिता, सदस्य सलिल. सलिल शेजारच्या खोलीतून लॅपटॉपवर हजर होता, त्यामुळे त्याचं प्रत्येक मत आधी दारातून आणि मग लॅपटॉपमधून ऐकू येई. श्यामलाबाई हितसंबंधित व्यक्ती ठरल्या. त्यांना मत नव्हतं.

"अहो, तोवर मी चिरायला घेऊ का?"

"प्रकरण विचाराधीन असताना चिरता येत नाही. आणि सध्या मला अध्यक्षमहोदय म्हणा."

"अध्यक्षमहोदय, तुमचा चहा गार होतोय."

अकराला व्याख्येवर गाडं अडलं. साल्सा ही कोशिंबीरच ठरली असती, तर विषयच बाद झाला असता. "बाबा, कोशिंबीर वाढतात, साल्सात बुडवतात," सलिल दोनदा म्हणाला. "यूझर एक्स्पीरियन्स वेगळा आहे." मंजूर.

मग तुलनेसाठी बाटली मागवली. ती नऊ मिनिटांत आली. पण बाटलीशी तुलना करायला घरचा साल्सा हवा, आणि तुलना झाल्याशिवाय घरी साल्सा करायची परवानगी नाही. यज्ञेश्वररावांचे डोळे पाणावले. इतकं सुरेख त्रांगडं त्यांना नोकरीतही लाभलं नव्हतं. त्यांनी लगेच उपसमिती नेमली. तीत तेच तिघे होते. दोघांनी खुर्च्या बदलल्या, सलिलने पाठीमागचं समुद्राचं चित्र बदलून डोंगराचं लावलं.

चार वाजता बावीस पानी अहवाल आला. 'सकाळपासून साडेसहा तास लोटूनही साल्सा तयार झालेला नाही. सबब, घरी साल्सा करणे वेळेच्या दृष्टीने व्यवहार्य नाही. विळी निर्लेखित करून भंगारात द्यावी.'

श्यामलाबाईंनी विळी फडक्याने पुसली.

आता फक्त गोल शिक्का राहिला होता आणि तो माळ्यावर होता. अध्यक्ष स्टुलावर चढले, सचिवांनी स्टूल धरलं, सदस्याने मोबाइलचा उजेड दाखवला. तेवढ्यात भंगारवाले भैरू दारात आले.

"आजी, विळी द्यायची हाय ना?"

श्यामलाबाईंनी माळ्याकडे पाहिलं, टेबलाकडे पाहिलं.

"विळी नाही हो. रद्दी आहे. बावीस पानं."

भैरू गेले. श्यामलाबाई जमिनीवर बसल्या, विळीवर पाय ठेवला आणि दहा मिनिटांत काचेचा मोठा वाडगा भरला.

समिती शिक्का घेऊन उतरली, तेव्हा टेबल रिकामं होतं. "अहवाल कुठाय?"

"भंगारात, अध्यक्षमहोदय."

"मग आदेशाअभावी विळीला हात लावता येणार नाही," यज्ञेश्वरराव गंभीरपणे म्हणाले. त्यांचा चेहरा मात्र खुलला होता. "नवी समिती नेमावी लागेल."

पाहुण्यांनी वाडगा पुसून खाल्ला. बाटलीचं झाकण कोणीच उघडलं नाही.

नव्या समितीने हा विषय जनतेच्या अभिप्रायासाठी खुला ठेवला आहे. घरी साल्सा करणं परवडतं की नाही, हे कळावं म्हणून आपण इथपर्यंत वाचत आलात, त्याबद्दल समिती आभारी आहे. एवढ्या वेळात आपला कांदा चिरून झाला असता.